एकच गेम की चार-पाच? आधी दोन गेमांमधलं अंतर मोज

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही विषय कळेल. तू डिचोलीचा, वय एकोणीस, कॉलेजला जातोस. दोन वर्षं बीजीएमआय, म्हणजे पब्जी मोबाईलचा भारतातला अवतार, खेळतोस आणि चौघांचा स्क्वाड चांगला जमलाय. गेल्या चवथीला (गणेशचतुर्थीला) घरात पीसी आला, तेव्हापासून व्हॅलोरंट हा पाच-पाच जणांचा बंदुकांचा गेमही सुरू आहे. रविवारी मामेभावांबरोबर प्लेस्टेशनवर फुटबॉल असतो. वर्गातला एकजण अधूनमधून फोनवरच्या फ्री फायर मॅक्सला, म्हणजे पब्जीसारख्याच गेमला, ओढतो. दिवसाचे तीन तास हातात आहेत आणि स्पर्धा खेळायची इच्छा आहे. एक मित्र म्हणतो, 'एक ना धड, भाराभर चिंध्या', एकच गेम धर. दुसरा म्हणतो, पब्जीसारखा उद्या हाही बंद पडला तर काय करशील? आता दोघांपैकी कुणाचं ऐकायचं, असं तू विचारतोस.

दोघांचंही ऐक, पण वेगवेगळ्या गोष्टींसाठी. पहिला मित्र हाताबद्दल बोलतोय, दुसरा भविष्याबद्दल. तू मात्र 'किती गेम' हा आकडा शोधतोयस आणि तिथेच गाडी अडकलीय. माझ्या अनुभवात आकडा फारसा महत्त्वाचा नसतो. तू जे दोन-तीन गेम खेळतोस ते एकमेकांच्या किती जवळचे आहेत, हे बघायला हवं.

मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं म्हणणं किती मनावर घ्यायचं ते तुझं तू ठरवशील. फोंड्यात २००३ साली मी इंटरनेट कॅफे टाकला. दिवसा लोक रिझल्ट बघायला आणि अर्ज भरायला यायचे. संध्याकाळी फर्मागुडीच्या इंजिनिअरिंगची मुलं यायची आणि दहाच्या दहा मशीन एकमेकींना जोडून (लॅनवर) काउंटर-स्ट्राइक या बंदुकांच्या गेमला लागायच्या. पुढे मोबाईल आले, अर्ज भरणारी माणसं गेली, गेम खेळणारी राहिली. आता त्याच जागेत मुलांच्या टीम सरावाला येतात, मी मागे उभा राहून बघतो आणि बोलतो. मी स्वतः कधी मोठी स्पर्धा जिंकलेलो नाही. पण वीसेक वर्षं दुसऱ्यांच्या खांद्यावरून स्क्रीन बघितलीय, आणि माझं शिक्षण म्हणजे तेवढंच.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधी कबूल करतो. तुला नुसती मजा हवी असती तर हे उत्तर लिहिलंच नसतं. वाटेल ते खेळ, दहा गेम खेळ, कुणाच्या बापाचं काय जातं? तू अगदी नवा असतास तरी वेगळं सांगितलं असतं. पहिले तीन-चार महिने माणसाने सगळं चाखून बघावं, कारण कुठल्या प्रकारच्या खेळात आपला जीव रमतो हे खेळल्याशिवाय कळत नाही. ज्या पोराला मी बळेच शूटरला, म्हणजे बंदुकांच्या गेमला, बसवलं तो पुढे डोटामध्ये, म्हणजे हीरो निवडून डावपेचांनी लढायच्या गेममध्ये, चमकला, ही माझीच चूक मला चांगली आठवते. स्ट्रीमिंग करायचं असेल तर आणखी वेगळं गणित. बघायला येणारे बहुतेक त्या गेमसाठी आलेले असतात, तुझ्यासाठी येणारे थोडे. आमच्याकडच्या एका मुलाने गेम बदलला आणि आठवड्यात त्याचे निम्मे प्रेक्षक उडाले. पण तुला स्पर्धा खेळायच्यात आणि वेळ तीनच तास आहे. म्हणून यापुढचं सगळं त्या दोन गोष्टी धरून लिहितो.

मी मुलांच्या खेळाचे तीन भाग करतो: हात, डोकं आणि तोंड. हात म्हणजे नेम, रिकॉइल (गोळी सुटताना बंदुकीचं उसळणं) सांभाळणं, बटणं, हालचाल. डोकं म्हणजे मॅप, वेळ, पैसा, समोरचा काय करणार याचा अंदाज. तोंड म्हणजे टीमला नेमकं काय, किती आणि कधी सांगायचं. एका गेममधून दुसऱ्यात जाताना हे तिन्ही सारखे बरोबर येत नाहीत. तोंड जवळजवळ सगळं येतं. डोकं बरंचसं येतं. हात मात्र हट्टी असतो, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

फुटबॉलचंच बघ. आपल्याकडे कॅफेत सगळ्यात जास्त भांडणं त्यावरूनच होतात, गोवा आहे शेवटी. प्लेस्टेशनच्या मूळ सेटिंगमध्ये फिफात, म्हणजे आता जो ईए स्पोर्ट्स एफसी झालाय त्यात, गोल मारायचं बटण वर्तुळाचं. पीईएसमध्ये, म्हणजे आजच्या ईफुटबॉलमध्ये, गोल मारायचं बटण चौकोनाचं. आणि फिफात चौकोन दाबला की बॉल उंच उडतो. माझ्याकडे एक मुलगा दोन्ही खेळायचा, दोन्हींत चांगला होता. फायनलला शेवटच्या मिनिटात एकटा गोलकीपरसमोर पोचला आणि त्याने चौकोन दाबला. बॉल गोलवरून तरंगत गेला. त्याला शॉट कुठल्या बटणावर आहे हे माहीत नव्हतं असं नाही, झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण घाईच्या क्षणी हात डोक्याला विचारत बसत नाही, परस्पर काय ते करून मोकळा होतो. सेटिंगमध्ये जाऊन बटणं सारखी करता येतात, हे त्याला दुसऱ्या दिवशी सुचलं.

तुझ्या फ्री फायर मॅक्सचं अगदी असंच आहे. तिथे हेडशॉटसाठी मुलं अंगठा फायरच्या बटणावरून वर झटकतात, ड्रॅग म्हणतात त्याला. बीजीएमआयमध्ये बंदूक वर उसळते म्हणून अंगठा खाली ओढत राहावा लागतो. तोच अंगठा, तीच काच, आणि हालचाल बरोबर उलटी. दुपारी मित्राबरोबर तासभर वर झटकलास आणि रात्री नऊला स्क्वाडबरोबर खाली ओढायला बसलास, तर पहिल्या दोन मॅच वाया जाणार. वर बीजीएमआयची मॅच शंभर जणांची, अर्ध्या तासाच्या आसपास चालणारी. फ्री फायरची पन्नास जणांची, दहाएक मिनिटांत आटोपणारी. त्या घाईची सवय लागली की एरांगेलच्या आठ बाय आठ किलोमीटरच्या मॅपवर शांत बसून झोनची, म्हणजे आकसत जाणाऱ्या सुरक्षित वर्तुळाची, वाट बघणं जड जातं. सवय हातालाही लागते आणि धीरालाही.

पीसीवर ही गोष्ट आणखी बारीक आहे. काउंटर-स्ट्राइक २ आणि व्हॅलोरंट बाहेरून जुळे भाऊ वाटतात. दोन्हींत पाच विरुद्ध पाच, दोन्हींत तेरा राउंड जिंकायचे, दोन्हींत सुरुवातीला खिशात आठशे, दोन्हींत पळताना गोळी मारली तर ती भलतीकडे जाते. पण काउंटर-स्ट्राइकमध्ये थांबताना खेळाडू किंचित घसरतो, म्हणून उलटं बटण टिचकीसारखं दाबून त्याला थांबवावं लागतं. व्हॅलोरंटमध्ये बटण सोडलं की तो जवळजवळ जागीच थांबतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये एके-४७ चा रिकॉइल ठरलेल्या वाटेने जातो, पाठ करता येतो. व्हॅलोरंटमध्ये लांब फवाऱ्यात (सलग गोळ्या सोडताना) नशिबाचा भाग मोठा, म्हणून दोन-दोन, तीन-तीन गोळ्यांत काम उरकायचं. दोन्ही रोज खेळणारा मुलगा व्हॅलोरंटमध्ये लांब फवारा मारत बसतो आणि काउंटर-स्ट्राइकमध्ये थांबायच्या आधीच गोळी सोडतो. त्याला वाटतं, आज माऊस बिघडलाय.

म्हणून माझा पहिला नियम असा: एकाच यंत्रावरचे, एकाच जातीचे दोन गेम एकाच काळात रोज आलटून पालटून खेळू नयेत. निदान हात पक्का बसेपर्यंत तरी नाही.

'एकाच काळात' हे शब्द मी मुद्दाम घातलेत. एका गेममधून दुसऱ्यात कायमचं जाणं ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे, आणि तिथे जवळचाच गेम सगळ्यात फायद्याचा ठरतो. व्हॅलोरंट जून २०२० मध्ये आला तेव्हा भारतात जी मुलं वर आली त्यांतली बरीचशी काउंटर-स्ट्राइकमधून आलेली होती. स्क्रॉसी या नावाने खेळणारा गणेश गंगाधर त्यांतलाच. परदेशात कॅनडाचा टेन्झ तसाच. डोटा २ मध्ये २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षं 'द इंटरनॅशनल' ही डोटाची सगळ्यात मोठी स्पर्धा जिंकणाऱ्या ओजी टीमचा कप्तान नोटेल आधी हीरोज ऑफ न्यूअर्थ खेळायचा. तो डोटाचाच भाऊबंद. या लोकांनी एक गेम खोलवर खेळला, मग घर बदललं. दोन्ही घरांत एकेक पाय ठेवून ते वर्षानुवर्षं राहिले नाहीत. घर बदलताना पहिला महिना दीड महिना हात रडतो, जुनी सवय मधेच उसळते, मग बसतो. आलटून पालटून खेळणाऱ्याचा हात मात्र कायमच त्या पहिल्या महिन्यात राहतो.

आपल्याकडचे तबलावादक लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर दोन हातांवर दोन ताल, पायांवर आणखी वेगळे आणि तोंडाने भलताच असे सगळे एकाच वेळी धरायचे, असं जुनी माणसं सांगतात. मला हे उदाहरण मुलं नेहमी ऐकवतात, 'मग आम्ही का नाही?' म्हणून. अरे बाबा, त्यांनी आयुष्यभर लय या एकाच गोष्टीचा पिच्छा पुरवला, तेव्हा ते जमलं. आणि ते खाप्रुमामा होते.

दुसरी गोष्ट, प्रत्येक गेमचं भाडं असतं. भाडं म्हणजे पुढे जाण्यासाठी नव्हे, आहे तिथे टिकून राहण्यासाठी द्यावा लागणारा वेळ. व्हॅलोरंटमध्ये साधारण दर पंधरवड्याला काही ना काही बदलतं: कुठल्या एजंटची (खेळातल्या पात्राची) ताकद कमी होते, कुठला मॅप यादीतून बाहेर जातो, कुठला परत येतो. बीजीएमआयला दोनेक महिन्यांनी नवी आवृत्ती येते. डोटात सव्वाशेच्या आसपास हीरो आहेत, त्यांतला एकेक काय करतो हे विसरलं तरी मार खावा लागतो. तुझ्या तीन तासांचा हिशेब कर. अर्धा तास हात मोकळा करायला आणि सेटिंगच्या खुडबुडीत जातो. व्हॅलोरंटची एक मॅच पस्तीस-चाळीस मिनिटांची, मधला वेळ धरला तर तीन मॅच झाल्या की रात्र संपली. हे तीन तास तीन गेमांत वाटलेस तर प्रत्येकाचं नुसतं भाडं भरशील, हातात काही उरणार नाही. माझ्या कॅफेत असा एक मुलगा होता. सहा गेम, सहाही बरे, आणि सहांतही वर्षभर त्याच रँकवर. त्याला बिचाऱ्याला वाटायचं की आपल्यात गुणच नाही. गुण होता, पण तो सहा घरांच्या भाड्यात जात होता.

हे मी ऐकीव ज्ञानावर सांगत नाही, स्वतः तोंडावर आपटलोय. २००५ मध्ये आम्ही पाचजण चोर्ला घाटातून बेळगावला एका कॉलेजच्या स्पर्धेला गेलो. काउंटर-स्ट्राइक १.६. आम्ही फोंड्यातले राजे. कारण आम्हाला सगळंच येत होतं: काउंटर-स्ट्राइक, एज ऑफ एम्पायर्स, वॉरक्राफ्टवरचा डोटा, क्वेक, गाड्यांचे गेम. समोरच्या टीमला फक्त काउंटर-स्ट्राइक येत होतं, आणि त्यातही दोनच मॅप, डस्ट २ आणि इन्फर्नो. आम्ही १६–३ ने हरलो. राउंड सुरू झाल्यापासून कितव्या सेकंदाला आमचा पहिला माणूस बोगद्याच्या तोंडाशी पोचणार हे त्यांना माहीत होतं, त्या सेकंदाला तिथे डोळे दिपवणारा फ्लॅश बॉम्ब पडलेला असायचा. आम्ही डोळे चोळत मरायचो. पाचजणांना मिळून किती गेम येतात याची स्पर्धा असती तर आम्ही नक्की जिंकलो असतो. परतीच्या वाटेवर घाटात गाडी थांबवून चहा प्यायलो, कुणीही बोललं नाही.

इथवर तुझा पहिला मित्र जिंकल्यासारखा वाटेल. आता दुसऱ्याचं ऐकू, कारण त्याची भीती खोटी नाही.

२ सप्टेंबर २०२० ची संध्याकाळ माझ्या चांगली लक्षात आहे. केंद्र सरकारने ११८ ॲप बंद केले, त्यांत पब्जी मोबाईल होता. त्याआधी जूनमध्ये ५९ ॲप गेले होते, त्यांत मोबाईल लेजंड्स होता. माझ्याकडच्या एका मुलाने दोन वर्षं पब्जीशिवाय दुसरं काही उघडलं नव्हतं. तो तेव्हा कॅफेच्या पायरीवर येऊन बसला, आत आलाच नाही. पुढे २ जुलै २०२१ ला बीजीएमआय आला, २८ जुलै २०२२ ला फोनवरच्या ॲपच्या दुकानांतून काढला गेला, मे २०२३ मध्ये परत आला. मधे फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर गेला, मॅक्स राहिला. बाहेरही असंच घडतं. डिसेंबर २०१८ मध्ये ब्लिझार्डने हीरोज ऑफ द स्टॉर्मची व्यावसायिक लीग पुढच्या वर्षी होणार नाही असं जाहीर केलं, आणि त्यावर पोट असलेले खेळाडू एका दिवसात रिकामे झाले. आपल्या तीर्थ मेहताने २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत प्रदर्शनीय ई-स्पोर्ट्समध्ये हार्थस्टोन या पत्त्यांच्या गेमचं कांस्य मिळवलं होतं. पुढच्या हांगझोऊच्या खेळांत हार्थस्टोन पदकाचा खेळ म्हणून यादीत होता, पण चीनमधला कंपन्यांचा करार संपल्यावर २०२३ मध्ये तो यादीतून गळला. खेळाडूची त्यात काय चूक?

२०२५ च्या नोव्हेंबरात बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यात भरला होता, तेव्हा आमच्या वाड्यावरचं एक पोर रोज त्याच्याच गप्पा मारायचं. अनुराग म्हामल, लिऑन मेंडोन्सा हे गोव्याचे ग्रँडमास्टर, भक्ती कुलकर्णी, ही सगळी नावं त्याला पाठ. त्याला मी म्हटलं, तू बिनधास्त एकाच खेळाला वीस वर्षं दे. बुद्धिबळाचा मालक कुणी नाही. घोडा अडीच घरं चालतो, उद्या पॅच येऊन दोन घरं चालणार नाही. तो कुणाच्या दुकानातून काढता येत नाही. तुझ्या-माझ्या गेमांचं तसं नाही. ते कुणाच्या तरी मालकीचे आहेत, आपण भाडेकरू. (पैसे लावायचे ऑनलाइन खेळ हा माझा विषय नाही. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने ते बंद झाले आणि ई-स्पोर्ट्सला त्यांच्यापासून वेगळं काढलं, ते बरंच झालं. पालकांना समजावणं थोडं सोपं गेलं.)

पण या भीतीवरचं औषध म्हणजे आजपासून चार गेम रोज खेळणं नव्हे. पायरीवर बसलेला तो मुलगा महिन्याभराने आत आला आणि व्हॅलोरंटला बसला. अंगठ्याची सवय तिथे कामाची नव्हती, माऊस त्याला नवा होता, पहिले काही आठवडे हाल झाले. पण झोन कुठे सरकेल याचा अंदाज घ्यायची जी सवय होती, तिच्यामुळे समोरची टीम कुठल्या साइटवर (बॉम्ब लावायच्या जागेवर) येईल ते त्याला इतरांपेक्षा आधी कळायचं. आणि तोंड तर तयारच होतं. पब्जीत 'दोनशे चाळीसला दोघे, एकजण अर्धा' (होकायंत्रावर २४० अंशांच्या दिशेला दोघे, त्यांतल्या एकाचा जीव निम्मा) असं तीन-चार शब्दांत सांगायची सवय असलेला मुलगा व्हॅलोरंटमध्येही फाफटपसारा लावत नाही. (एक सूचना आपल्या सगळ्यांनाच: रंगात आलो की आपण कोकणीत ओरडतो. टीममध्ये एक पुण्याचा नाहीतर हैदराबादचा असला तर त्याला 'फाटल्यान आसा' म्हणजे 'मागे आहे' हे कळेपर्यंत तो मेलेला असतो.) तर सांगायचं असं, की गेम गेला तरी डोकं आणि तोंड त्याच्याबरोबर जात नाही, फक्त ते आधी कुठेतरी खोलवर कमावलेलं हवं.

आता तुझं काय करायचं ते बोलू.

तुझं नशीब असं की बीजीएमआय आणि व्हॅलोरंट हे एकमेकांच्या हाताला फारसे आडवे येत नाहीत. एक अंगठ्यांचा आणि जायरोचा (फोन कलवून नेम धरायचा), दुसरा मनगटाचा आणि माऊसचा. तिथे भीती हाताची नाही, संध्याकाळची आहे. चौघांच्या स्क्वाडला नऊ ते बारा हवेत, व्हॅलोरंटच्या पाचजणांनाही तेच नऊ ते बारा हवेत. दोन्हीकडे 'येतो रे' म्हणून दोन्हीकडे उशिरा पोचणारा मुलगा मी इतक्या वेळा बघितलाय की आता त्याचा चेहरा बघून ओळखतो. म्हणून टीमची रात्र एकाच गेमला द्यायची.

ती कुठल्या गेमला? माझं मत बीजीएमआयला. तो गेम मला जास्त आवडतो असं नाही, उलट मी माऊसवाला माणूस. पण दोन वर्षं टिकलेला चौघांचा स्क्वाड ही तुझ्याकडची सगळ्यात मोलाची वस्तू आहे. नेम सहा महिन्यांत सुधारतो. रात्री एकला हरल्यावर एकमेकांना शिव्या न घालता मॅच परत बघणारी चार डोकी वर्षानुवर्षं मिळत नाहीत. सहा महिने, म्हणजे पुढच्या चवथीपर्यंत म्हण, सहा रात्रींपैकी पाच रात्री तिकडे दे. व्हॅलोरंट ठेव, पण एकट्याने शिकायला, आठवड्यातून एक रात्र आणि सुट्टीची एखादी दुपार, रँकच्या मागे न धावता. उद्या बीजीएमआय पुन्हा गेलाच तर तुला माऊस धरण्यापासून सुरुवात करावी लागणार नाही, एवढ्यापुरतं ते पुरेसं आहे. आणि स्क्वाड नोकरीमुळे नाहीतर कुणी बंगळूरला गेल्यामुळे मोडला, तर अर्धं इकडे अर्धं तिकडे न करता सरळ पूर्ण व्हॅलोरंटला जा.

पीसीवर कधी काउंटर-स्ट्राइक बघावासा वाटला तर बघ, पण सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माऊस किती हलवला की नजर किती वळते ते, तरी सारखी ठेव. काउंटर-स्ट्राइकचा आकडा ३.१८ ने भागला की व्हॅलोरंटचा येतो. माऊसच्या डीपीआय (वेगाच्या सेटिंग) ८०० वर तुझं व्हॅलोरंट ०.३५ असेल तर तिकडे १.११ च्या आसपास. थांबण्याचा आणि फवाऱ्याचा फरक यानेही मिटत नाही, पण निदान मान वळवायला हाताला तेवढंच अंतर लागतं.

मामेभावांबरोबरचा फुटबॉल हिशेबात धरूच नकोस. तो सराव नव्हे, तो रविवार आहे. उलट असा पूर्ण वेगळ्या जातीचा एक खेळ जवळ असावा असं मी मुलांना सांगतो. सलग हरत असताना त्याच गेममध्ये 'अजून एक' म्हणत दोन वाजवणाऱ्यांपेक्षा, अर्धा तास वेगळं काही खेळून झोपणारे दुसऱ्या दिवशी बरे खेळतात. मैदानावरचा फुटबॉल असेल तर आणखी उत्तम, मनगटालाही विश्रांती मिळते.

एक वही कर. साधी, दुकानातली. रोज तारीख, किती मॅच, आणि प्रत्येक हरलेल्या मॅचपुढे एकच अक्षर: ह, डो किंवा तों. हाताची चूक, डोक्याची की तोंडाची. खोटं लिहायचं नाही, आणि दुसऱ्या खेळाडूची चूक लिहायला रकानाच ठेवायचा नाही. पंधरा दिवसांनी 'ह' जास्त दिसले तर ट्रेनिंग ग्राउंड आणि टीडीएमला (दोन टीमांच्या छोट्या झटपट लढतीला) वेळ वाढव. 'डो' जास्त असतील तर एक मॅच कमी खेळ आणि त्या वेळात स्वतःची रेकॉर्ड केलेली मॅच बघ. 'तों' जास्त असतील तर चौघांनी एकत्र बसायला हवं, ते एकट्याने सुटत नाही. ज्या दिवशी दुसरा गेम खेळून मग बीजीएमआयला बसलास, त्या दिवशी तारखेपुढे फुली मार. फुल्यांच्या दिवशी 'ह' वाढतात का ते तुझं तुलाच दिसेल, मग माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज उरणार नाही. कुणाकुणाचा हात खरंच वेगळा असतो, दोन्ही सांभाळतो. तुझी वही तसं म्हणाली तर माझा पहिला नियम खुशाल मोड.

फ्री फायर मॅक्स मात्र फोनमधून आजच काढ. मित्राला वाईट वाटेल, त्याला रविवारी फुटबॉलला बोलाव.

पंधरा दिवसांची वही झाली की फोटो काढून पाठव. किती बोटांनी खेळतोस, जायरो पूर्ण वेळ चालू असतो की फक्त स्कोपमध्ये, आणि स्क्वाडमध्ये ओरडणारा कोण, हेही लिही. फोंड्याला आलास तर स्क्वाडला घेऊन ये, पण पावसात येणार असलात तर फोन घरून चार्ज करून आणा. इथे झाड पडलं की लाईट जाते, आणि माझा इन्व्हर्टर दहा मशीनचा भार वीस मिनिटांपेक्षा जास्त काढत नाही.